तीन सत्तेचाळीस

फौजदारांनी रुमाल उलगडून घड्याळ माझ्या टेबलावर ठेवलं, तेव्हा काचेखाली पाणी हललं. एक बुडबुडा काळ्या तबकडीवरून सरकत गेला आणि सहाच्या आकड्यापाशी थांबला.

"वाचा," फौजदार घोरपडे म्हणाले.

"काय वाचू?"

"किती वाजलेत ते. मी वाचलंय, पण मला तुमच्या तोंडून हवंय. या वसाहतीत घड्याळातलं कळणारे तुम्ही एकटेच."

मी चष्मा पुसला. पुसायची गरज नव्हती.

"तीन सत्तेचाळीस," मी म्हणालो.

ही मार्च १९७६ मधली गोष्ट आहे. खैरोळी धरणाच्या वसाहतीत मी वाचनालय सांभाळत होतो. फावल्या वेळात चावीची जुनी मनगटी घड्याळं उघडायची, साफ करायची आणि पुन्हा चालू करायची हा माझा छंद होता. तो मी कुणाच्या हाताखाली शिकलो नव्हतो, पुस्तकातून शिकलो होतो, त्यामुळे मला कुणी जाणकार म्हटलं की अंगावर काटा यायचा. टेबलावरचं ते घड्याळ आत्माराम शेलार या टपालवाल्याचं होतं. आदल्या दिवशी, मंगळवारी दुपारी, उंबरी नदी पायी ओलांडायच्या उतारावर तो वाहून गेला होता. बुधवारी पहाटे खालच्या बंधाऱ्याला त्याचं प्रेत अडकलेलं सापडलं. घड्याळ मनगटावर तसंच होतं.

"आता मी काय म्हणतो ते ऐका," फौजदार म्हणाले. "रोज चारला धरणाचे दरवाजे उचलतात. बरोबर?"

"हो."

"पाणी उतारापर्यंत यायला बारा मिनिटं लागतात. म्हणजे तिथं पाणी येणार चार बाराला. आणि हे घड्याळ पाण्यात बुडालं तीन सत्तेचाळीसला. मग त्या दिवशी दरवाजे कधी उचलले?"

ते गणित वसाहतीतल्या प्रत्येकाने सकाळपासून केलं होतं. उन्हाळ्यात खालच्या गावांच्या शेतीसाठी रोज नदीत पाणी सोडत. चारच्या आत नदी ओलांडायची, नाहीतर पुलावरून चार मैलांचा वळसा घ्यायचा, हे पलीकडच्या तांबडवाडीतल्या म्हाताऱ्यांनाही पाठ होतं. पाणी सोडण्याआधी वाजणारा भोंगा जळून पंधरा दिवस झाले होते. तेव्हापासून सगळा भरवसा घड्याळावर आणि दरवाजे उचलणाऱ्या मारुती हुलवानवर.

"हुलवानने वहीत लिहिलंय चार," फौजदार म्हणाले. "वही त्याची, अक्षर त्याचं, भिंतीवरच्या घड्याळाला चावी देणाराही तोच. बायको तालुक्याला बाळंत व्हायला गेलेली. चार वीसची एसटी त्याने धावत पकडली, हे कंडक्टर सांगतो. पंचवीस मिनिटं आधी उरकलं आणि निघाला. दुसरं काय?"

"तांबडवाडीचं कुणी होतं का तिथं?"

"एक म्हातारी होती. म्हणते, पाणी रोजच्याच वेळेला आलं. कशावरून, तर म्हणे उंबराची सावली दगडावर चढली होती. आता म्हातारीच्या सावलीवर विश्वास ठेवू की घड्याळावर?" ते खुर्चीत पुढे झाले. "एकच शंका आहे. घड्याळ मागं असेल का?"

"मीच दुरुस्त केलंय ते. काल सकाळीच दिलं." मी म्हणालो. "आठ दिवस टेबलावर तपासलं होतं. दिवसाला अर्ध्या मिनिटाचाही फरक नव्हता."

"म्हणजे बरोबर चालत होतं."

"हो. बहुधा."

त्यांनी डायरीत लिहिलं आणि वाचून दाखवलं, "'सदर घड्याळ बरोबर चालत होते.' ठीक?"

माझं 'बहुधा' त्यात नव्हतं. मी तोंड उघडलं. त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली.

"पाचला परत येतो. आत पाणी आहे, पाण्यानेच थांबलं, एवढं लिहून ठेवा, म्हणजे पंचनाम्याला जोडतो. आणि चालू होत असेल तर करा हो. त्याच्या बायकोला द्यायचंय. तिला तेवढंच राहिलंय."

ते गेल्यावर मी घड्याळ हातात घेतलं.

आत्मारामच्या वडिलांनी ते लढाईतून आणलं होतं. सैन्यातलं, जाड काटे, खाली सेकंदाची छोटी वेगळी तबकडी. तीन आठवड्यांपूर्वी ते बंद पडलं म्हणून तो माझ्याकडे घेऊन आला होता. मंगळवारी सकाळी नऊला तो वाचनालयाचं टपाल टाकायला आला, तो दारातूनच ओरडला.

"काय केळुसकर भाऊ, पेशंट शुद्धीवर आला का?"

"आला," मी म्हणालो.

"आणा इकडं. तीन आठवडे हात नुसता भुंडा झाला होता. बायको म्हणते, माझ्याशी कशाला लगीन केलं, घड्याळाशीच करायचं होतं." त्याने ते कानाला लावलं, डोळे मिटले. "बापाचा आवाज आहे हो हा. खोटं नाही सांगत. लहानपणी त्याच्या कुशीत झोपलं की हेच ऐकायला यायचं."

वाचनालयाच्या भिंतीवरच्या घड्याळाशी त्याने वेळ जुळवली आणि पट्टा आवळला.

"आता तांबडवाडीत जरा निवांत बसता येईल. म्हाताऱ्या पत्र वाचून घेतात, उत्तर सांगायला लागतात, आणि मी आपला उन्हाकडं बघत मध्येच उठतो. त्यांना वाटतं, आत्माराम पळपुटा झाला. आज बसतो चांगला साडेतीनपर्यंत."

तो गेला. त्यानंतर मी त्याला पाहिलं नाही.

आत पाणी गेलेल्या घड्याळाला वेळ नसतो. एका रात्रीत आतलं पोलाद गंजायला लागतं. म्हणून मी जास्त विचार न करता मागचं झाकण उघडलं. गढूळ पाण्याचा एक थेंब पांढऱ्या कापडावर पडला आणि त्याभोवती वाळूची बारीक कडी उमटली. काटे काढण्याआधी ते बारावर आणावे लागतात. मी चावी बाहेर ओढली आणि फिरवली.

काटे फिरले. ते फिरताना बोटाला काहीच जाणवलं नाही.

जाणवायला हवं. कुठल्याही घड्याळात काटे फिरवताना चावी किंचित विरोध करते, मधाच्या बाटलीचं झाकण फिरवावं तसा. कारण मिनिटाचा काटा ज्या बारीक नळीवर बसतो, ती नळी आतल्या फिरत्या दांड्यावर नुसती घट्ट बसवलेली असते. ती सैल झाली तर घड्याळ आत बरोबर चालत राहतं, टिकटिक बरोबर, सेकंदाचा काटा बरोबर, आणि मिनिटाचा काटा मात्र अधूनमधून घसरून मागे राहतो. कान लावून ते कळत नाही. टेबलावर सपाट ठेवलं तर पाहूनही कळत नाही. चालत्या माणसाच्या हाताला हिसके बसतात तेव्हाच तो घसरतो.

ती नळी सैल आहे हे दुरुस्ती करताना माझ्या लक्षात आलं होतं. पुस्तकात उपाय दिला होता: निमुळत्या पकडीने नळीच्या खाचेवर हलकेच दाब द्यावा. जास्त दिला तर ती चिरते, आणि तसली दुसरी नळी मला जगात कुठे मिळणार होती? मी दाब दिला, पण भीत भीत दिला. पुस्तकात त्याच पानावर पुढे असंही होतं की घड्याळ परत देण्याआधी दुरुस्त करणाऱ्याने दोन दिवस ते स्वतःच्या मनगटावर बांधून हिंडावं. ते मी कधीच करत नसे. दुसऱ्याचं घड्याळ घालून वसाहतीत फिरलो आणि कुणी विचारलं, "केळुसकर, नवीन का हो?" तर मी काय उत्तर देणार, या विचारानेच मला घाम फुटे.

"जेवायला वाढू का?" माझी बायको वत्सला दारात उभी होती. "काय झालं? असे का बसलात?"

"काटे सैल आहेत."

"मग आवळून टाका ना. तेवढंच ना?"

ती सहज बोलली. मिठाच्या डब्याचं झाकण सैल झालंय, बदला, असं म्हणावं तशी. मी टेबलावरच्या पकडीकडे पाहिलं. खरंच तेवढंच होतं. एक चिमटा. मग घड्याळ साफ करायचं, चालू करायचं, पाचला फौजदारांच्या हातात ठेवायचं. जगातल्या कुठल्याही कारागिराने ते उघडून पाहिलं असतं तरी त्याला एक उत्तम चालणारं घड्याळ दिसलं असतं.

मी तिला सगळं सांगितलं. ती उभी होती ती खाली बसली.

"कुणाला ठाऊक आहे हे?"

"कुणालाच नाही."

"अहो, मग..." ती थांबली. "आत्माराम भाऊजी तर गेले. तुम्ही सांगितलंत म्हणून ते परत येणार आहेत का? लोक काय करतील माहीत आहे ना? सकाळी हुलवानच्या कौलांवर दगड पडलेत. उद्या आपल्या पडतील."

"हुलवानला तुरुंगात टाकतील."

"त्याने आधी सोडलंच नसेल कशावरून? तुम्हाला खात्री आहे?"

मला खात्री नव्हती. मला कधीच कशाची खात्री नसते. काटा घसरला असेल तर किती घसरला असेल, पाच मिनिटं की पंचवीस, हे मी कसं सांगणार होतो? हुलवाननेही घाई केली असेल आणि काटाही घसरला असेल. मी पकड उचलली. खाली ठेवली. पुन्हा उचलली.

मागच्या दाराची कडी वाजली.

मारुती हुलवान अठ्ठावीसेक वर्षांचा, धिप्पाड पोरगा. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच बसला. आत या म्हटलं तरी येईना. दोन दिवसांची दाढी, सदऱ्याची बटणं चुकीची लावलेली.

"पुढनं आलो नाही," तो म्हणाला. "लोकं उभी हायेत चौकात."

वत्सलाने त्याला पाणी दिलं. त्याने तांब्या हातात धरून ठेवला, प्यायला नाही.

"भाऊ, घड्याळ तुमच्याकडं आणलंय म्हणं."

"हो."

"काय म्हणतंय ते?"

"अजून बघतोय," मी म्हणालो.

"मी चारलाच उचललं बघा. भिंतीवरचं घड्याळ बघून. पहिला दरवाजा, मग दुसरा, मग वहीत लिवलं, मग पळत सुटलो. असंच हाय माझ्या डोक्यात." तो तांब्यातल्या पाण्याकडे बघत होता. "पण पहाटेपासनं सगळी विचारत्यात, नीट आठव, नीट आठव. आता आठवाय गेलं की काटा दिसतच नाही. नुसतं पांढरं वर्तुळ दिसतं. बायकोचं डोक्यात होतं, भाऊ. साडेतीनचं मला चार दिसलं असंल का? होतं का असं माणसाचं?"

मी त्याच्या चुकीच्या लावलेल्या बटणांकडे बघत राहिलो.

"मुलगी झाली मला. कळलं का तुमाला?"

"नाही," वत्सला म्हणाली. "बरं झालं. बाळ-बाळंतीण बरी आहेत ना?"

"बरी हायेत, वैनी. एवढीशी हाय. काल सांजच्याला तिला हातात घेतली, हसलो, पेढं वाटलं. तवा आत्मारामकाका मेलेलं होतं. आन मला ठावं नव्हतं." त्याने तांब्या जमिनीवर ठेवला. "धरणाचं मोठं सायब म्हणाले, घाईत चूक झाली असं लिहून दे, सही कर, आम्ही कमी करू. मी म्हणतो, करून टाकू का? डोकं तरी थांबंल. तुमी शिकलेलं. तुमी सांगा, करू का सही?"

तो माझ्याकडे पाहत होता. इतक्या सरळ नजरेने माझ्याकडे कुणी पाहिलं की मी पुस्तकात तोंड घालतो. त्या दिवशी जवळ पुस्तक नव्हतं.

"करू नका," मी म्हणालो. "पाचपर्यंत तरी करू नका."

तो गेला. मी टेबलापाशी गेलो, काटे आणि तबकडी काढली, व्हाईट पेट्रोलमध्ये सगळं धुतलं, वाळवलं, सुईच्या टोकाने तेल दिलं. ती नळी मात्र जिथे होती तिथेच राहू दिली, तिला पकड लावली नाही. हे प्रामाणिकपणाने केलं, असं मी आजही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. नळी चिरेल अशी भीती होती, हेही खरं आहे. साडेचारला घड्याळ चालू झालं.

फौजदार पाचला आले तेव्हा मी दार लावून घेतलं आणि एका दमात सांगितलं. सांगून झाल्यावर लक्षात आलं की मी सगळं जमिनीकडे बघून सांगितलं होतं.

फौजदारांनी मिशीवरून बोट फिरवलं. "दाखवा."

मी चावी फिरवून दाखवली. त्यांनीही फिरवली. "मला तर झकास वाटतंय."

"झकास वाटायला नको, तेच तर."

"चालवून दाखवा. मागं पडतं ना? पाडा."

आम्ही त्यांचं घड्याळ आणि आत्मारामचं घड्याळ शेजारी शेजारी ठेवलं. तास गेला. वत्सलाने दोनदा चहा आणला. सहा वाजून दहा मिनिटांनी दोन्ही घड्याळांत सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"केळुसकर," फौजदार हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही भले गृहस्थ आहात. हुलवान मागच्या दाराने येऊन गेला, हे मला कळलंय. रडला असेल. तुम्हाला दया आली असेल. पण असं काही बोलून बसू नका. उद्या कोर्टात उभं करतील, तिथं तुमच्या तोंडून शब्द फुटायचा नाही."

"साहेब, मी खोटं बोलत नाही."

"खोटं म्हणत नाही मी. तुमचा स्वभाव आहे. मागं वाचनालयातलं एक पुस्तक हरवलं तेव्हा तुम्ही स्वतःच माझ्याकडे आला होता, माझ्या हातून काही झालं असेल म्हणून. आठवतंय? ते पुस्तक साहेबांच्या घरी निघालं."

ते खरं होतं. जन्मभर मी प्रत्येक गोष्टीत स्वतःवर संशय घेत आलो. आता एकदा तो खरा होता, आणि कुणी ऐकायला तयार नव्हतं.

"ते टेबलावर घसरत नाही," मी म्हणालो. "मनगटावर घसरतं. मी घालतो. उद्या सकाळी नऊला तुमच्यासमोर वेळ लावा. मी आत्मारामच्या वाटेने जातो, सगळ्या घरांवरून, तांबडवाडीला, आणि चारच्या आधी पलीकडच्या काठावर येऊन उभा राहतो. तुम्ही अलीकडच्या काठावर या."

फौजदारांनी टोपी उचलली. "आणि चावी तुम्हीच मागं फिरवली नाही हे कशावरून?"

"तुम्ही सांगाल तसं."

गुरुवारी सकाळी नऊला त्यांनी स्वतः वेळ लावली. मग चावीवरून दोरा गुंडाळून, त्यावर लाखेचे दोन थेंब पाडून त्यांनी पोलिसांची मोहोर उठवली. लाख अजून गरम होती तेव्हाच पट्टा माझ्या मनगटावर आवळला. चामडं आतून ओलसर होतं.

दुसऱ्याचं घड्याळ घालून मी पहिल्यांदाच बाहेर पडलो. चौकात लोक उभे होते. मी उतार ओलांडला तेव्हा नदी कोरडी होती, नव्वद पावलं नुसते गोटे, आणि दोन्ही काठांच्या दगडांवर माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर ओलीची काळी रेघ.

मी ठरवलं होतं की मध्ये घड्याळ बघायचं नाही. आत्मारामची वाट चढाची होती. दगडी पायवाट, दोन ओढे, मग माळ. मी काठी घेतली होती, कारण तोही घ्यायचा. घराघरांतून माणसं बाहेर येऊन माझ्या हाताकडे बघत. एका म्हातारीने विचारलं, "आज टपाल न्हाई का?" मी नाही म्हणालो. तिने माझ्या मनगटाला हात लावला आणि मागे घेतला. तांबडवाडीत मी पारावर बसलो. तो बसायचा तिथे. कुणी माझ्याशेजारी बसलं नाही.

मला भीती वाटत होती की ते बरोबर चालेल. तसं झालं तर हुलवान गेला. आणि मला भीती वाटत होती की ते मागे पडेल. दिवसभर पायाखाली वाट सरकत होती आणि माझ्या मनात या दोन्ही भीती आळीपाळीने येत होत्या.

पलीकडच्या काठावर पोचलो तेव्हा अलीकडे दहा-बारा माणसं दिसली. फौजदार, धरणाचे साहेब, बाजूला एकटा हुलवान. दरवाजे त्या दिवशी दुसऱ्या माणसाने उचलायचे होते. वरच्या अंगाला एका घराच्या कुंपणाशी एक बाई उभी होती. ते आत्मारामचं घर. वारा पडला होता. एक पक्षीसुद्धा ओरडत नव्हता.

मी घड्याळ पाहिलं. तीन एकेचाळीस. सेकंदाचा काटा नीट पळत होता.

काय झालं ते सांगायला अजून अवघड जातं. मला सगळं माहीत होतं. नळी, हिसका, सगळं. तरी त्या काळ्या तबकडीकडे पाहताना माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, अजून पुष्कळ वेळ आहे. ते बरोबरच चालत असणार, मीच उगाच. समोरच्या काठावर जाऊन त्यांना दाखवावं. मी काठावरून खाली उतरलो. एक गोटा, दुसरा, तिसरा. दहाएक पावलं गेलो असेन.

"किती?" फौजदार ओरडले.

"तीन एकेचाळीस!"

त्यांनी स्वतःचं मनगट वर केलं. मग साहेबांचं मनगट धरून पाहिलं. आणि समोरच्या काठावरचे सगळे एकदम ओरडायला लागले. मला शब्द कळेनात. हुलवान मात्र धावत थेट पाण्याच्या वाटेत आला, दोन्ही हात हलवत.

"मागं! भाऊ, मागं सरा! चार वाजून गेल्यात!"

मी मागे वळलो आणि गोट्यांवरून धडपडत काठावर चढलो. हुलवानही मागे पळाला. मी वर पोचून दम घेतला, तोवर थोडा वेळ काहीच झालं नाही. मग वळणावरून आधी वाऱ्याची थंड झुळूक आली, आणि तिच्यामागून पाणी. मातकट, फांद्या घेऊन आलेलं, बैलगाडीएवढ्या उंचीचं. दगडांवरची ती काळी रेघ पाहता पाहता बुडाली. मी हात वर धरून उभा होतो. घड्याळात तीन सत्तेचाळीसला एक मिनिट कमी होतं.

समोरच्या काठावर हुलवान गोट्यावर उकिडवा बसला होता आणि त्याने तोंड गुडघ्यांत घातलं होतं. धरणाचे साहेब त्याच्यापाशी जाऊन उभे राहिले, मग त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाण्याच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही.

मी पुलावरून वळसा घेऊन आलो. फौजदार पुलाशी थांबले होते. त्यांनी लाख तपासली, दोरा तोडला आणि घड्याळ माझ्या हातात दिलं. "तुम्हीच नेऊन द्या," एवढंच म्हणाले.

आत्मारामची बायको, अनसूया वहिनी, ओट्यावर बसली होती. घरात बायका होत्या, त्या माझ्याकडे पाहून आत गेल्या. मी घड्याळ तिच्यासमोर ठेवलं.

"मी वरून बघत होते," ती म्हणाली. "किती फरक पडला?"

"सव्वीस मिनिटं."

"म्हणजे ते घाबरून धावत नव्हते."

"नाही वहिनी. त्यांच्या हिशेबाने वेळ होता."

"आता सगळे म्हणतील, नवरा उशिरा निघाला, वेड्यासारखा घुसला. तसं नाही ना?"

"नाही. त्यांचं काही चुकलं नाही."

तिने घड्याळाला हात लावला नाही. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "देताना तुम्हाला काही जाणवलं होतं का?"

हे मी फौजदारांना सांगितलं नव्हतं. वत्सलालाही नाही. इथेही मी आतापर्यंत टाळलं. आत्मारामने मंगळवारी माझ्यासमोर वेळ जुळवली, तेव्हा त्याच्या बोटांत चावी किती अलगद फिरली ते मी पाहिलं होतं. 'दोन दिवस राहू द्या, मी घालून बघतो,' एवढं म्हणायचं होतं. वाक्य तयार होतं.

"जाणवलं होतं," मी म्हणालो.

"मग?"

"वाचनालयात लोक बसले होते. आधी दुरुस्त झालं म्हणालो होतो. त्यांच्यासमोर परत मागून घ्यायची लाज वाटली."

"कोण लोक?"

"दोघं होते. पेपर वाचत."

"कोण?" तिने पुन्हा विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला नावं हवी होती.

मी आठवून पाहिलं. खिडकीशी एक, खांबाशी एक. एकाने पान उलटलं होतं. ज्यांची मला लाज वाटली ते दोघे कोण होते, हे मला तिला सांगता आलं नाही. ती उत्तराची वाट बघत राहिली, आणि मी तिच्यासमोर उभाच.